नोंद राखणार कोण? : मुक्त ज्ञानकोश आणि मराठी ख्रिस्ती परंपरा

मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत विकिपीडिया-संपादनाच्या कार्यशाळा होतात. शहापूर तालुक्यातल्या अशाच एका कार्यशाळेत काही वर्षांपूर्वी मी मदतनीस म्हणून बसले होते. बावीस मुलं-मुली, बारा संगणक आणि सगळ्यांत मिळून एक इंटरनेट जोडणी. पहिल्या सहा जणांची खाती झटपट उघडली, सातव्याला नकार आला. एका जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडू द्यायची असा त्या कोशाचा नियम आहे. खोटी खाती काढून धुडगूस घालणाऱ्यांना आवर बसावा म्हणून तो केलेला. कार्यशाळेसाठी आधी विनंती केली तर सूट मिळते, पण अशी विनंती करायची असते हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मग उरलेली सोळा मुलं सहा जणांच्या खांद्यावरून डोकावत बसली.

त्या सहांत मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरून येणारी एक मुलगी होती. तिने ख्रिस्ती उपासनेवरचा एक इंग्रजी लेख निवडून तो यंत्राकडून मराठीत आणला होता. पडद्यावर आलं ते असं : भाविक रविवारी पवित्र वस्तुमानाला उपस्थित राहतात आणि यजमान ग्रहण करतात. इंग्रजीतला ‘मास’ पदार्थविज्ञानात गेला होता, आणि मिस्सामध्ये वाटली जाणारी पवित्र भाकर पाहुण्यांची सरबराई करणारा यजमान होऊन बसली होती. आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, “मॅडम, आमच्या पाड्यावर काही घरं रविवारी जमतात, पण त्याला आम्ही नुसतं ‘प्रार्थना’ म्हणतो. हे ते नाही ना?” ते हे नव्हतंच. मिस्सा हा कॅथलिकांचा विधी. तिच्या पाड्यावर जमणारे लोक त्या पंथाचे नव्हते. वस्तुमान खोडून ‘मिस्सा’ लिहिलं की लेख बरोबर होत होता, पण तिला माहीत असलेलं जग त्यात येत नव्हतं.

या लेखाचा विषय त्या खोलीतच मला सापडला. सर्वांनी मिळून लिहायचा मुक्त ज्ञानकोश मराठीत ख्रिस्ती धर्माविषयी काय सांगतो, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जे सांगितलं ते पुढे राखतो कोण, हा खरा प्रश्न. मी ख्रिस्ती नाही. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि फादर स्टीफन्स, बाबा पदमनजी, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई यांच्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवता येत नाही, एवढाच माझा त्या परंपरेशी संबंध.

कोशांचं वेड मराठीला जुनं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढली, गावोगाव फिरून भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड हातावेगळे केले. महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सुरू झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा २०१५ साली पुरा झाला. या तिन्ही कामांतले कष्ट थक्क करणारे आहेत. पण त्या कष्टांना शेवट होता. खंड बांधून झाला, की संपादकाला हात झटकून उठता येत असे. १९७६ सालच्या नोंदीत जे पोप आहेत ते तिथेच राहिले, आणि त्याबद्दल कुणी संपादकाला जाब विचारत नाही. छापील कोशाचं जुनं होणं वाचकाला मान्य असतं, कारण पहिल्या पानावर साल घातलेलं असतं.

मुक्त कोशाला ही सवलत नाही. तो आजचा आहे असं वाचक धरून चालतो. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस गेले, ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले गेले. अशा दिवशी जगभरच्या भाषांत ते पान बदलायला माणसं धावतात. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा दुभंगून पालघर जिल्हा झाला, तेव्हा काय काय बदलावं लागलं असेल याचा विचार करा. वसई, सोपारा, आगाशी, निर्मळ, अर्नाळा, तिथली जुनी चर्च, तिथे जन्मलेली माणसं, त्यांची चरित्रं. प्रत्येक ठिकाणचा ‘ठाणे जिल्हा’ तपासायचा. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले आणि १८६२ साली संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया वसईचे. त्यांच्या नोंदीत आज कोणता जिल्हा लिहायचा? आणि कुठे ‘तत्कालीन’ हा शब्द घालायचा? हे काम ना पांडित्याचं, ना कीर्तीचं. घर झाडण्यासारखं आहे ते. केलं तर दिसत नाही, नाही केलं की दिसतं.

या कामाला हात किती आहेत? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक १०,८०,०७३ होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून किंचित कमी. त्यांतले कित्येक घरी कोंकणी, मल्याळम, तमिळ किंवा इंग्रजी बोलतात. उरलेल्या मराठी ख्रिस्ती माणसांपैकी कोशात लिहिण्याची हौस आणि सवड असलेले बोटांवर मोजण्याइतके असणार हे उघड आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आता लाखाच्या आसपास लेखांवर पोहोचला आहे, पण लेखांच्या आकड्यावरून राखणदारांचा आकडा कळत नाही. कार्यशाळेच्या दिवशी वीस लेख जन्मतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे आईबाप बसने घरी जातात. इंग्रजीत ख्रिस्ती विषयांचे लेख पाहणारा स्वतंत्र गट आहे. शिवाय त्यांना एक आयता पायाही मिळाला. १९०७ ते १९१२ या काळात न्यू यॉर्कला निघालेल्या कॅथलिक एन्सायक्लोपीडियाचे स्वामित्वहक्क संपलेले असल्यामुळे संत, बिशप, परिषदा यांवरच्या कितीतरी लेखांचा पहिला थर त्यातून उचलला गेला. तो थर पक्षपाती होता, जुनाट होता. पण खोडायला काहीतरी होतं. मराठीत खोडायलाच काही नाही. केतकरांचा ज्ञानकोश आज हक्कमुक्त आहे, पण त्यातला ख्रिस्ती भाग जगाच्या धर्मेतिहासाचा म्हणून लिहिलेला आहे. अहमदनगरच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती माणसाला तो स्वतःचा वाटणार नाही.

यावर सोपा उपाय सुचतो तो असा, की श्रद्धावंतांनी स्वतःचा वेगळा कोश काढावा. इंग्रजीत असे प्रयोग झाले आहेत. ‘थिओपीडिया’ने संपादकांना एका श्रद्धाविधानाशी सहमत असण्याची अट घातली. २००४ साली सुरू झालेल्या ‘ऑर्थोडॉक्सविकी’ने पूर्वेकडील सनातनी चर्चच्या दृष्टीनेच लिहायचं असं जाहीर केलं. अशा कोशांत वाद कमी होतात हे खरं. पण वाद कमी झाले की येणारे-जाणारेही कमी होतात. सर्व्हरचं भाडं, जाहिरातबाजांचा कचरा, प्रणालीची नवी आवृत्ती चढवणं ही ओझी दोन-चार लोकांच्याच पाठीवर राहतात, आणि त्यांतला एक नोकरीसाठी गावाबाहेर गेला तरी काम अडतं. मराठीत तर ही वाट आणखी अरुंद आहे, कारण वेगळा ख्रिस्ती कोश काढायचा म्हटलं तरी तो कोणाच्या मराठीत, हा तंटा पहिल्याच पानावर उभा राहील.

या तंट्याकडे जरा सावकाश पाहायला हवं. बाहेरून ‘ख्रिस्ती मराठी’ ही एकच भाषा वाटते. प्रत्यक्षात त्या निदान दोन आहेत, आणि दोन्हींच्या मागे शतकांची घडण आहे. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या, पुढे अहमदनगरच्या आणि १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’च्या परंपरेतला माणूस ‘बाप्तिस्मा’ म्हणतो, ‘प्रभुभोजन’ म्हणतो. त्याचा उपदेशक ‘पाळक’ असतो आणि चर्च म्हणजे ‘मंडळी’. वसईचा कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणेल, ‘मिस्सा’ म्हणेल, ‘धर्मगुरू’ किंवा सरळ ‘फादर’ म्हणेल. त्याचं चर्च म्हणजे ‘ख्रिस्तसभा’, आणि तो राहतो ‘धर्मग्रामा’त. बिशपला एकीकडे ‘बिशप’, दुसरीकडे ‘महागुरुस्वामी’. कोंकणीत येशूचा ‘जेजू’ होतो. यांशिवाय पोर्तुगीजांनी देऊन ठेवलेले ‘नाताळ’ आणि ‘पाद्री’ हे शब्द आहेत. ते आता सगळ्या मराठीचेच झाले आहेत, पण त्यांतला ‘पाद्री’ बाहेरचा माणूस वापरतो तेव्हा कधी कधी हेटाळणीचा वास येतो.

मुक्त कोशात एका विषयाला एकच शीर्षक असतं. बाकीच्या नावांवरून पुनर्निर्देशन देता येतं, म्हणजे कोणत्याही दारातून आलं तरी माणूस त्याच खोलीत पोहोचतो. तंत्राच्या दृष्टीने प्रश्न सुटला. पण खोलीवर पाटी कोणाच्या नावाची? ‘बाप्तिस्मा’ हे शीर्षक ठेवलं तर पहिल्या वाक्यापासून नोंद प्रॉटेस्टंट वळणाची होते. ‘स्नानसंस्कार’ ठेवलं तर नगरकडच्या वाचकाला ती परक्या घरातली वाटते. मग तिसराच कुणीतरी, ज्याला या दोन्ही घरांची ओळख नाही, इंग्रजीवरून ‘बॅप्टिझम’ करून टाकतो आणि आपण निःपक्षपाती असल्याचं समाधान मानतो. मराठी कोशांत नपुंसक इंग्रजी शब्द असे शिरतात. अज्ञान हे त्याचं एक कारण झालं. दोन मराठींत निवड करण्याचा कंटाळा हे दुसरं, आणि मला वाटतं तेच मोठं. चर्चापानावर चार दिवस बसून दोन्ही बाजूंचं ऐकणारा माणूस असेल तर ‘बाप्तिस्मा (स्नानसंस्कार)’ असा तोडगा निघतो. असा माणूस मिळणं हीच खरी अडचण.

आता जवळच्या भूगोलाकडे येते. आमच्या भागातल्या मुलांना मी नेहमी कल्याणचं उदाहरण देते, कारण मुरबाडची बस तिथूनच सुटते. कल्याण बंदरातला माल मुरबाडवरून नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. घाटातला सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख मुलांनी सहलीत पाहिलेला असतो. पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये कल्याणचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी ‘ख्रिस्ती स्थलवर्णन’ नावाचा ग्रीक ग्रंथ लिहितो आणि त्यात म्हणतो, की ‘कल्लिआना’ या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप आहे. (याच गृहस्थाने त्याच ग्रंथात पृथ्वी सपाट असून विश्व पेटीच्या आकाराचं असल्याचं हिरिरीने मांडलं आहे. म्हणून त्याची प्रत्यक्ष पाहणी टाकाऊ ठरत नाही, पण सावध राहायला हरकत नाही.)

हे कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण का? कित्येक अभ्यासकांनी तसं मानलं. काहींनी ते केरळात कोल्लमच्या बाजूला शोधलं, काहींनी उडुपीजवळच्या कल्याणपूरकडे बोट दाखवलं. प्रश्न मिटलेला नाही. मुक्त कोशाची कसोटी अशाच जागी लागते. ‘कल्याण येथे सहाव्या शतकात बिशप होता’ हे वाक्य सुटसुटीत आहे, स्थानिक अभिमानाला सुखावणारं आहे, आणि ते एका पानावरून दुसऱ्या पानावर विनासायास उडी मारतं. ‘असं काही अभ्यासक मानतात’ हे शेपूट पहिल्याच उडीत गळून पडतं. उलट दिशेनेही तेच. कुणाला हा धर्म इथे इंग्रजांबरोबरच आला असं म्हणायचं असेल, तर तो कॉस्मसचा उल्लेखच काढून टाकील. मग १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, हेही गैरसोयीचं होतं. वास्को द गामा यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता.

हे शेपूट जपायचं तर कुणीतरी ते पान आपल्या निरीक्षणसूचीत ठेवून महिन्यातून एकदा उघडायला हवं. शहापूर-मुरबाडच्या माणसाने ते का करू नये? कल्याण आमचं. वाट आमच्या अंगणातून जाते. ना. वा. टिळकांच्या बालपणातली काही वर्षंही कल्याणचीच. १८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर आज घरबसल्या वाचता येतं; जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या टिपणांवर उभं राहिलेलं तेही एका अर्थी अनेक हातांचंच काम होतं. त्यात ख्रिस्ती लोकांवर बरंच आहे, पण ते बहुतेक वसई-साष्टीकडचं. माहुलीच्या डोंगराकडे किंवा मुरबाडच्या पठाराकडे वळलं की गॅझेटिअरला किल्ले, जंगल आणि जमाती दिसतात. आमच्या भागापुरती कोशाची पाटी तेव्हा जवळजवळ कोरी होती, आणि पुढे ती भरायला हवी तेव्हा साधन बदललं असलं तरी लिहिणारे आलेच नाहीत.

इथे त्या मुलीकडे परत येते. कार्यशाळा संपल्यावर तीन आठवड्यांनी ती एक दोनशे पानी वही घेऊन घरी आली. वस्तुमानाचा लेख तिने सोडून दिला होता. तिला तिच्या पाड्यावरच्या प्रार्थनेची नोंद करायची होती. घरं कोणती, सुरुवात कोणी केली, आजारपणात कोण कोण यायला लागलं, कोणत्या बोलीत गाणी म्हणतात, पावसाळ्यात ओढा भरला की कुठे जमतात. पंधरा-सोळा पानं तिने विचारून विचारून लिहिली होती. लिहिणं खडबडीत होतं, तरी इतकं नेमकं की मी मन लावून शेवटपर्यंत वाचलं. प्रार्थनेला जाणाऱ्यांत तिच्या घरचं कुणी नव्हतं. शेजारची होती, म्हणून तिला माहीत होतं.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कोशाच्या नियमाची. मुक्त कोशात स्वतः विचारून मिळवलेली माहिती चालत नाही. ती आधी कुठेतरी छापून आलेली असावी लागते. हा नियम बरोबर आहे. तो नसता तर प्रत्येक जण आपल्या आजोबांना संत करून मोकळा झाला असता. पण ज्यांच्याविषयी कधी काही छापलंच गेलं नाही त्यांना या दारातून आत येता येत नाही. वसईच्या ख्रिस्ती समाजाला ‘सुवार्ता’सारखं मासिक होतं, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा संपादक होता, १९०३ पासून चालत आलेल्या ‘निरोप्या’च्या जुन्या फायली आहेत. गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा मागोवा घेतलेला आहे. तिथल्या नोंदीला संदर्भ मिळतो. मुरबाडच्या पाड्यावर कुठलं मासिक?

दुसरी गोष्ट सांगताना मला अवघड गेलं. नियम आडवा आला नसता तरी मी तिला हे लिहू नकोस असंच म्हणाले असते. आदिवासी माणसाने धर्म बदलला तर त्याची जमातीची सवलत काढा, ही मागणी मोर्च्यांतून आणि भाषणांतून आपण ऐकतो. अशा काळात पाड्याचं नाव, घरांची संख्या, जमण्याचा वार आणि जागा एका जगजाहीर पानावर ठेवायची म्हणजे ती नोंद कुणाच्या तरी हातात यादी होते. कोशकाराला जी माहिती वाटते ती त्या घरांना पत्ता वाटू शकते. मुक्त कोशात एकदा लिहिलेलं पुसलं तरी पानाच्या इतिहासात साधारणपणे शिल्लक राहतं. ज्या गुणामुळे मी त्या कोशावर विश्वास ठेवते, तोच इथे धोक्याचा. म्हणून या लेखातही त्या पाड्याचं नाव मी दिलेलं नाही, जमातीचंही नाही.

तिने विचारलं, “मग आमचं कधीच येणार नाही का त्यात?” मी बराच वेळ काही बोलले नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेतच या प्रश्नाला जवळ जाणारं काही आहे असं मला नंतर वाटलं. स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ साली रोमी लिपीत छापलं गेलं, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ टिकला तो हाताने नकलून घेणाऱ्या अनाम लोकांमुळे, आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला तोही अशाच हस्तलिखितांवरून. पंडिता रमाबाईंचं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली बाहेर पडलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी आणि बायकांनी त्याचे खिळे जुळवले होते. टिळकांचं अपुरं ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. दुसऱ्याने आरंभलेलं काम आपलं नाव न घालता किंवा बाजूला ठेवून राखणं ही या परंपरेला नवी गोष्ट नाही. पण ती माणसं एका छपराखाली, एका श्रद्धेने बांधलेली होती. मुक्त कोशातल्या राखणदारांना बांधणारं छप्पर नाही, आणि श्रद्धेने बांधलं की काय होतं ते वर पाहिलंच.

म्हणून मला वाटतं, कार्यशाळांनी नव्या लेखांची मोजणी थांबवावी. एका महाविद्यालयाने चाळीस लेखांऐवजी आपल्या परिसराशी नातं असलेली पाच पानं घ्यावीत आणि तीन वर्षं राखावीत. शहापूर-मुरबाडसाठी ती कल्याण, नाणेघाट, माहुली, ना. वा. टिळक आणि बाप्तिस्मा असू शकतील. एक वर्ग पास होऊन गेला की पानं पुढच्या वर्गाकडे द्यावीत, जशा ग्रंथालयाच्या किल्ल्या देतात. आणि पाड्यावरच्या वह्यांसाठी वेगळी जागा हवी. विद्यापीठाच्या किंवा तालुका ग्रंथालयाच्या कपाटात, सांगणाऱ्यांच्या संमतीने, ठरावीक वर्षांनंतर उघडायच्या बोलीवर. गॅझेटिअरच्या काळात कुणी त्या लोकांना संमती विचारली नव्हती; आपण विचारू शकतो.

तशी जागा अजून कुठे झालेली नाही. वही सध्या माझ्याकडे आहे. मुलगी आता कल्याणला नोकरी करते आणि सकाळच्या बसमध्ये मोबाइलवर तिची पानं तपासते. गेल्या पावसाळ्यात कल्याणच्या पानावर तिने कॉस्मसच्या वाक्यामागे तीन मतं लावली आणि मला कळवलं, की शेपूट लावलं आहे, पाहा.